व्यवहार-समन्वय, संगणकीय

एकाच कामाच्या निमित्ताने दोन किंवा अधिक स्वतंत्र संगणक-प्रणालींमध्ये करावयाचे बदल एक तर सर्व व्हावेत, नाही तर त्यांपैकी एकही होऊ नये, अशी हमी देणारी कार्यपद्धती. एका खात्यातून रक्कम वजा करून ती दुसऱ्या खात्यात जमा करणे, हे अशा कामाचे सर्वपरिचित उदाहरण होय. दोन्ही खाती एकाच डेटाबेसमध्ये म्हणजे माहितीसंचात असल्यास ही हमी देणे तुलनेने सोपे असते; ती दोन निरनिराळ्या संस्थांच्या यंत्रांत असल्यास मात्र प्रश्नाचे स्वरूपच पालटते. त्यांपैकी एक यंत्र केव्हाही बंद पडू शकते, दोहोंना जोडणारा दुवा तुटू शकतो आणि उरलेल्या यंत्रास दुसऱ्याचे काय झाले, हे कळण्याचा मार्ग राहत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रश्नावर जी उत्तरे शोधण्यात आली, ती १९९९ नंतर जावा या भाषेत लिहिलेल्या, उद्योगव्यवसायांच्या वेब-प्रणालींमधून सर्वसामान्य प्रोग्रॅमरच्या हाती आली. ती येताना मूळची अवघड बाजू बरीचशी नजरेआड झाली व पुढील काळातील बहुतेक वाद त्यातूनच उद्‌भवले.

उगम : व्यवहार ही संकल्पना संगणकाने निर्माण केलेली नाही, हिशेबाच्या वहीत ती पूर्वीपासून होती. पेढीवर रकमेची घडामोड प्रथम रोजकीर्दीत कालक्रमाने लिहिली जाते व नंतर खतावणीत त्या त्या खात्यावर तिची नोंद होते. खतावणीचे पान खराब झाले, तरी रोजकीर्दीवरून ते पुन्हा तयार करता येते. संगणकीय माहितीसंचांतही हाच क्रम आढळतो. कोणताही बदल मूळ नोंदीत करण्यापूर्वी तो ‘लॉग’ नावाच्या क्रमवार नोंदवहीत लिहून चकतीवर पक्का करावयाचा, म्हणजे मध्येच वीज गेली, तरी अपुरा व्यवहार पुसून टाकता येतो आणि पुरा झालेला पुन्हा उभा करता येतो.

अमेरिकन एअरलाइन्स ही विमान कंपनी व आयबीएम यांनी मिळून उभारलेली सेबर ही आसन-आरक्षण प्रणाली १९६४ मध्ये पूर्णपणे कार्यान्वित झाली. दूरदूरच्या शहरांतील कार्यालयांना एकाच मध्यवर्ती यंत्रातील जागा विकता येऊ लागल्या. आयबीएमच्या आयएमएस या प्रणालीचा जन्म चांद्रयानाच्या अपोलो प्रकल्पातील सुट्या भागांची यादी सांभाळण्याच्या गरजेतून झाला व ती १९६८ मध्ये प्रथम चालू झाली. १९६९ मध्ये त्याच कंपनीची सीआयसीएस ही प्रणाली आली. या सर्व प्रणालींत यंत्र एकच असल्यामुळे समन्वयाचा प्रश्न त्यांना फारसा जाणवला नाही.

व्यवहाराला काटेकोर शास्त्रीय रूप देण्याचे श्रेय मुख्यतः आयबीएमच्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेतील जिम ग्रे व त्यांचे सहकारी यांना दिले जाते. एस्वरन, ग्रे, लोरी आणि ट्रायगर यांच्या १९७६ मधील निबंधात एकाच वेळी चालणाऱ्या अनेक व्यवहारांनी एकमेकांच्या कामात ढवळाढवळ करू नये म्हणून नोंदींना कुलुपे कशी लावावीत, याचे नियम दिले आहेत. थेओ हेर्डर व आंड्रेआस रॉयटर या जर्मन संशोधकांनी १९८३ मध्ये व्यवहाराचे चार गुणधर्म एकत्र मांडले : अविभाज्यता, सुसंगती, पृथक्‌ता आणि चिरस्थायित्व. या चार शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांपासून बनलेला ‘ॲसिड’ हा शब्द पुढे या विषयाची जणू ओळखच बनला. ग्रे यांना १९९८ मध्ये संगणकशास्त्रातील ट्युरिंग पुरस्कार मिळाला. २८ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रॅन्सिस्कोजवळच्या समुद्रात ते आपल्या शिडाच्या नौकेतून एकटेच गेले असता बेपत्ता झाले. दीर्घ शोधानंतरही त्यांचा मागमूस लागला नाही.

दोन टप्प्यांची निश्चिती : यंत्रे अनेक झाली की, व्यवहार पक्का झाल्याचा क्षण नेमका कोणता, हे ठरवावे लागते. यासाठी ‘टू-फेज कमिट’ या नावाने प्रसिद्ध असलेली पद्धती योजण्यात आली. बटलर लॅम्पसन व हॉवर्ड स्टर्जिस यांनी झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७६ च्या सुमारास आणि ग्रे यांनी १९७८ मधील आपल्या विस्तृत टिपणांत तिचे विवेचन केले. पहिल्या टप्प्यात समन्वयक प्रत्येक सहभागी यंत्रास ‘तयार आहेस काय?’ असे विचारतो. होकार देण्यापूर्वी सहभाग्याने आपले सर्व बदल नोंदवहीत पक्के करावयाचे असतात. कारण होकार दिल्यानंतर त्याला माघार घेता येत नाही. सर्वांचे होकार आल्यास समन्वयक ‘निश्चित’ असा निर्णय आपल्या नोंदवहीत लिहितो व दुसऱ्या टप्प्यात तो सर्वांना कळवितो. एकाचाही नकार आला किंवा उत्तरच आले नाही, तर सर्व बदल परतविले जातात. ग्रे यांनी १९८१ मध्ये या पद्धतीची तुलना ख्रिस्ती विवाहविधीशी केली होती. धर्मगुरू वधू व वर या दोघांनाही संमती विचारतो आणि दोघांनी ती दिल्यावर विवाह झाल्याचे जाहीर करतो. त्यापूर्वी दोघांपैकी कोणासही नकार देता येतो.

या तुलनेत एक गोष्ट मात्र सामावत नाही. विवाहविधीत धर्मगुरू संमती विचारून अचानक नाहीसा होत नाही. संगणकांच्या जगात समन्वयक नेमका तेथेच बंद पडू शकतो. अशा वेळी होकार दिलेले यंत्र विलक्षण अडचणीत सापडते. व्यवहार पक्का झाला असे मानावे, तर कदाचित दुसऱ्याने नकार दिलेला असेल. रद्द झाला असे मानावे, तर कदाचित समन्वयकाने निश्चितीचा निर्णय लिहून तो दुसऱ्यास कळविलेलाही असेल. त्यामुळे नोंदींना लावलेली कुलुपे तशीच ठेवून वाट पाहणे, एवढाच प्रामाणिक मार्ग त्याच्यापुढे उरतो. ज्या खात्यावर असे कुलूप पडले असेल, त्या खात्याचा इतर कोणताही व्यवहार तोपर्यंत अडून राहतो. या अवस्थेस ‘संदिग्ध’ अवस्था म्हणतात. व्यवहार-समन्वयाचा पुढील सर्व इतिहास म्हणजे तिची मुदत कमी करण्याचा, तिचा खर्च दुसऱ्यावर ढकलण्याचा किंवा ती झाकून ठेवण्याचा इतिहास होय, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

ही अवस्था मुळातूनच टाळता येईल काय, याचाही विचार झाला. निरोप्यांचा भरवसा नसताना दोन सेनापतींनी एकाच वेळी हल्ला करण्याचे कसे ठरवावे, हे कोडे ग्रे यांनी १९७८ च्या टिपणांत घातले आणि निरोपांची कोणतीही ठरावीक संख्या त्यासाठी पुरेशी नसते, हे दाखविले. डेल स्कीन यांनी १९८१ मध्ये तीन टप्प्यांची पद्धती सुचविली. तीत समन्वयक बंद पडला, तरी इतरांना पुढे जाता येते, परंतु संदेशवहनाचे जाळेच दुभंगले, तर तीही कुचकामी ठरते. मायकेल फिशर, नॅन्सी लिंच व मायकेल पॅटरसन यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सिद्धांतानुसार, संदेश पोहोचण्यास किती वेळ लागेल याची मर्यादा माहीत नसेल आणि एकच यंत्र बंद पडण्याचा संभव असेल, तरीही ठरावीक काळात एकमत घडवून आणण्याची हमी कोणतीच निश्चित पद्धती देऊ शकत नाही. म्हणजे येथे प्रश्न केवळ अभियंत्यांच्या कौशल्याचा राहिला नाही.

खर्चाची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नव्हती. एकाच माहितीसंचातील व्यवहार पक्का करण्यास चकतीवर एकदा सक्तीने लिहिले की पुरते. दोन सहभागी असलेल्या समन्वित व्यवहारात मूळ पद्धतीप्रमाणे प्रत्येक सहभाग्याला दोनदा व समन्वयकाला एकदा, असे एकूण पाच वेळा लिहावे लागते आणि आठ संदेशांची देवघेव होते. आयबीएमच्या आर-स्टार या प्रायोगिक प्रणालीवर काम करताना सी. मोहन या मूळच्या भारतीय व आयआयटी, मद्रासच्या पदवीधर शास्त्रज्ञाने ब्रूस लिंडसी व रॉन ओबरमार्क यांच्यासह हा खर्च कमी करण्याच्या युक्त्या शोधल्या (१९८६). समन्वयकाच्या नोंदवहीत एखाद्या व्यवहाराचा उल्लेखच नसेल, तर तो रद्द झाला असे गृहीत धरावे, ही त्यांतील सर्वांत फलदायी युक्ती होय. त्यामुळे रद्द झालेल्या व्यवहाराची नोंद सक्तीने ठेवण्याचे कारण उरत नाही व ज्याने केवळ माहिती वाचली, बदलली नाही, असा सहभागी पहिल्या टप्प्यानंतरच मोकळा होतो.

प्रमाणीकरण : १९८० नंतरच्या दशकात मोठ्या उद्योगांकडे एकाहून अधिक कंपन्यांचे माहितीसंच असणे नेहमीचे झाले. प्रत्येक कंपनीची निश्चितीची रीत वेगळी असल्यामुळे त्यांना एका सूत्रात बांधता येत नसे. युनिक्स प्रणाली बनविणाऱ्या यूरोपीय कंपन्यांनी १९८४ मध्ये स्थापन केलेल्या एक्स/ओपन या संघटनेने हा प्रश्न हाती घेतला. तिच्या आराखड्यात तीन पात्रे होती : काम सांगणारा अनुप्रयोग, माहितीसंच, संदेशांची रांग इ. साधनांचे व्यवस्थापक; आणि या सर्वांवर देखरेख करणारा व्यवहार-व्यवस्थापक. शेवटच्या दोघांनी एकमेकांशी कोणत्या शब्दांत बोलावे, हे ठरविणारे ‘एक्सए’ हे प्रमाण डिसेंबर १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. एटी अँड टी कंपनीत तयार झालेल्या टक्सेडो या प्रणालीचा अनुभव त्यामागे होता.

एक्सए प्रमाणात एक तडजोड आहे. सहभाग्याला फार काळ वाट पाहणे परवडत नसेल, तर समन्वयकाच्या निर्णयाविना स्वतःच्या अंदाजाने व्यवहार पक्का किंवा रद्द करून टाकण्याची मुभा त्याला देण्यात आली. या अंदाजास ‘ह्यूरिस्टिक निर्णय’ असे भारदस्त नाव आहे. अंदाज चुकल्यास दोन यंत्रांतील हिशेब जुळत नाहीत, म्हणजे ज्या हमीसाठी हा सर्व खटाटोप केला, तीच मोडते; प्रमाण एवढीच अपेक्षा करते की, असे घडल्याचे सहभाग्याने लक्षात ठेवावे आणि विचारल्यावर सांगावे. व्यवहारी जगाला कुलूपबंद खात्यांपेक्षा क्वचित होणारी चूक परवडते, हे येथे प्रथमच एका औपचारिक दस्तऐवजाने मान्य केले, असे म्हणावयास हरकत नाही.

जावातील समन्वय : सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने १९९५ मध्ये जावा ही भाषा जाहीर केली. प्रारंभी वेब-पृष्ठांवरील हलत्या चित्रांसाठी तिचा गाजावाजा झाला. तिचे खरे बस्तान मात्र बँका, विमा कंपन्या, दूरध्वनी कंपन्या यांच्या सर्व्हर-यंत्रांवर बसले. एंटरप्राइझ जावाबीन्स किंवा ईजेबी या घटकांचा पहिला विनिर्देश १९९८ मध्ये आला. व्यवहारांविषयीचा जेटीए हा विनिर्देश १९९९ चा असून त्याच वर्षीच्या डिसेंबरात या सर्वांचा समावेश असलेली जेटूईई ही संहिता प्रसिद्ध झाली. जेटीएमध्ये एक्सए प्रमाणाची जवळजवळ शब्दशः पुनर्मांडणी आहे : प्रारंभ, अंत, तयारी, निश्चिती, परतवणी, पुनःप्राप्ती व विस्मरण या सर्व क्रिया त्यात जावाचा वेश घेऊन येतात. यांतील विस्मरणाची क्रिया म्हणजे सहभाग्याने परस्पर घेतलेला ह्यूरिस्टिक निर्णय आता विसरून जाण्यास हरकत नाही, असे त्याला सांगणे होय.

जावाचे वेगळेपण क्रियांमध्ये नव्हते. ते घोषणेमध्ये होते. पूर्वी प्रोग्रॅमरला व्यवहार कोठे सुरू होतो व कोठे संपतो, हे आज्ञावलीत स्वतः लिहावे लागे. ईजेबीमध्ये त्याने प्रत्येक कार्यरीतीस केवळ एक शब्द जोडावयाचा होता. ‘रिक्वायर्ड’ असे लिहिले की, आधी व्यवहार चालू असल्यास त्यात सामील व्हावे, नसल्यास नवा सुरू करावा, असा अर्थ होई. ‘रिक्वायर्स-न्यू’ म्हणजे नेहमी नवा. ‘मँडेटरी’ म्हणजे आधीचा व्यवहार असलाच पाहिजे. ‘नेव्हर’ म्हणजे तो असताच कामा नये. असे एकंदर सहा शब्द होते. उरलेली व्यवस्था कंटेनर नावाची मध्यस्थ प्रणाली पाही. बीईए कंपनीचा वेबलॉजिक व आयबीएमचा वेबस्फिअर हे अशा प्रणालींचे तत्कालीन प्रमुख नमुने होत. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १९९६ मध्ये आपल्या ट्रॅन्झॅक्शन सर्व्हरमध्ये अशीच घोषणापद्धती आणली होती. तथापि एका कंपनीच्या बंधनातून तिला मोकळे करून अनेक कंपन्यांच्या स्पर्धेत उतरविण्याचे काम जावाने केले.

या सोयीचे मोल मोठे होते. मागणी नोंदविणे आणि माल रवाना करण्याचा संदेश रांगेत टाकणे, ही दोन कामे एका शब्दाने बांधली जात. तसे नसते, तर मागणी नोंदली गेली पण माल निघालाच नाही, किंवा माल निघाला आणि मागणीची नोंद नाही, असे प्रसंग प्रत्येक यंत्र-बिघाडागणिक उद्‌भवले असते व ते हाताने निस्तरावे लागले असते. सामान्य कुवतीच्या प्रोग्रॅमरलाही हे काम सुरक्षितपणे करता यावे, ही जेटूईईची प्रतिज्ञा होती आणि ती बऱ्याच अंशी पुरी झाली.

तथापि घोषणेच्या मागे काय चालते, हे ठाऊक नसल्यास ती फसवीही ठरते. ईजेबीच्या नियमाप्रमाणे अनपेक्षित, म्हणजे प्रणालीगत, दोष उद्‌भवल्यास व्यवहार आपोआप परतविला जातो. परंतु ‘खात्यात पुरेशी शिल्लक नाही’ यांसारखा, प्रोग्रॅमरने स्वतः योजलेला व आधी जाहीर केलेला अपवाद आल्यास तसे होत नाही. त्या वेळेपर्यंत झालेले बदल पक्के होतात, जोपर्यंत प्रोग्रॅमर ते परतवावेत असे स्पष्टपणे सांगत नाही तोपर्यंत. हा नियम विचारपूर्वक केलेला होता, कारण असा अपवाद म्हणजे नेहमीच अपयश नव्हे. परंतु तो न वाचता लिहिलेल्या आज्ञावलींत अर्धवट रकमा कायम होऊन बसणे अटळ होते. दुसरा दोष आणखी सूक्ष्म आहे. कंटेनरची देखरेख बाहेरून येणाऱ्या हाकेवर असते. त्यामुळे एखाद्या घटकाने आपल्याच दुसऱ्या कार्यरीतीला आतल्या आत हाक मारल्यास तिच्यावर लिहिलेला शब्द वाचलाच जात नाही. शब्द कागदावर दिसतो, पण त्यामागे काहीच नसते.

वेब-प्रणालीचे स्वरूपही या पद्धतीशी पूर्णपणे जुळणारे नव्हते. ग्राहक एक पान उघडतो, विचार करतो, चहा पिऊन येतो आणि मग पुढचे पान उघडतो. त्याच्या या विरामाच्या काळात नोंदींना कुलुपे लावून ठेवणे अशक्य असते. त्यामुळे कंटेनरचा व्यवहार एका विनंतीपुरताच मर्यादित ठेवण्याचा प्रघात पडला. अनेक पानांवर पसरलेल्या कामासाठी प्रत्येक नोंदीत आवृत्तीचा एक आकडा ठेवतात. अखेरीस तो बदललेला आढळल्यास दरम्यान दुसऱ्याने हात घातला, असे समजून काम नाकारले जाते.

ह्यूरिस्टिक निर्णयाचा जुना प्रश्न जेटीएमध्येही तसाच राहिला. व्यवहार पक्का करण्याची विनंती केल्यावर प्रोग्रॅमरच्या हाती ‘संमिश्र ह्यूरिस्टिक’ या नावाचा अपवाद येऊ शकतो. त्याचा अर्थ काही सहभाग्यांनी व्यवहार पक्का केला आणि काहींनी रद्द केला, असा होतो. या अपवादावर आज्ञावलीने काय करावे, याचे उत्तर विनिर्देशात नाही व असणेही शक्य नाही. तेथे अखेर माणसानेच दोन्ही बाजूंचे हिशेब पडताळून पाहावे लागतात. संगणकीय व्यवहारांचे सर्व शास्त्र ज्या कारकुनी पडताळणीपासून सुटका करण्यासाठी निघाले, तिच्याच दाराशी ते येथे परत येते.

या क्षेत्रातील एका प्रणालीचा भारतीयांना कुतूहल वाटावे असा इतिहास आहे. इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठात संतोष श्रीवास्तव या भारतीय वंशाच्या प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली १९८० नंतरच्या दशकात ‘अर्जुन’ ही संशोधन-प्रणाली तयार झाली. ती पुढे जावात आली, निरनिराळ्या कंपन्यांच्या मालकीतून फिरत २००५ मध्ये जेबॉस या खुल्या प्रणालीच्या निर्मात्यांकडे आणि पुढील वर्षी त्यांच्यासह रेड हॅट कंपनीकडे गेली. तिच्या आजच्या रूपास ‘नारायण’ असे नाव आहे.

प्रतिक्रिया : जेटूईईच्या अवजडपणाविरुद्ध पहिला प्रभावी आवाज रॉड जॉन्सन या ऑस्ट्रेलियन तज्ञाने २००२ मधील आपल्या ग्रंथातून उठविला. ज्या अनुप्रयोगाचा माहितीसंच एकच आहे, त्याला दोन टप्प्यांच्या निश्चितीची व तिच्यासाठी लागणाऱ्या महागड्या सर्व्हरची गरजच नसते, असा त्यांचा मुद्दा होता आणि असे अनुप्रयोग बहुसंख्य होते. ग्रंथातील आज्ञावलींमधून वाढलेल्या स्प्रिंग या चौकटीची पहिली आवृत्ती मार्च २००४ मध्ये निघाली. तीत घोषणेची सोय कायम होती, पण तिच्यामागे साधा स्थानिक व्यवहार ठेवावयाचा की जेटीएचा समन्वित व्यवहार, हे वेगळ्याने निवडता येई. घोषणा व यंत्रणा यांची ही फारकत जावाच्या पुढील वाटचालीला वळण देणारी ठरली. २००६ मधील ईजेबीच्या तिसऱ्या आवृत्तीने हा साधेपणा बराचसा स्वीकारला आणि २०१३ मध्ये जेटीएच्या १.२ या आवृत्तीने व्यवहाराची घोषणा ईजेबीबाहेरील घटकांनाही खुली केली. सन कंपनी २०१० मध्ये ओरॅकल कंपनीच्या ताब्यात गेली. २०१७ मध्ये ओरॅकलने ही संहिता एक्लिप्स प्रतिष्ठानाकडे सुपूर्द करण्याचे जाहीर केले व २०१८ पासून ती ‘जकार्ता ईई’ या नावाने ओळखली जाते. २०२० मध्ये तिच्या सर्व घटकांची नावे ‘जावाएक्स’ ऐवजी ‘जकार्ता’ या शब्दाने सुरू होऊ लागली. एक्सएविषयीचा भाग मात्र मूळ जावा भाषेच्याच वाटणीला आला असल्यामुळे त्याचे जुने नाव तसेच राहिले.

दुसरी प्रतिक्रिया अधिक मूलगामी होती. इंटरनेटवरील व्यापार वाढल्यावर माहिती शेकडो यंत्रांवर विभागून ठेवावी लागली व ती यंत्रे एकाच मालकीची असतील, याचीही शाश्वती उरली नाही. एरिक ब्रुअर यांनी २००० मध्ये मांडलेला व सेथ गिल्बर्ट आणि नॅन्सी लिंच यांनी २००२ मध्ये सिद्ध केलेला सिद्धांत असा आहे की, संदेशवहनाचे जाळे दुभंगले असताना माहितीची सुसंगती व सेवेची अखंड उपलब्धता यांपैकी एकच राखता येते. विक्री थांबविण्यापेक्षा हिशेब नंतर जुळविणे व्यापाऱ्यांना अधिक पसंत होते. पॅट हेलँड यांनी २००७ मध्ये, ॲमेझॉन कंपनीत असताना, समन्वित व्यवहारांविना मोठ्या प्रणाली कशा रचाव्यात, यावर एक निबंध वाचला. हेलँड यांची स्वतःची आधीची कारकीर्द टँडेम व मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांमध्ये असेच समन्वित व्यवहार घडविणाऱ्या प्रणाली बांधण्यात गेली होती. त्यामुळे त्यांच्या या निबंधाला विशेष वजन प्राप्त झाले.

या विचाराला लागणारे साधन वीस वर्षांपूर्वीच तयार होते. हेक्टर गार्सिया-मोलिना व केनेथ सेलम यांनी १९८७ मध्ये ‘सागा’ ही कल्पना मांडली होती. तीत दीर्घ काळ चालणारे काम अनेक छोट्या व स्वतंत्रपणे पक्क्या होणाऱ्या व्यवहारांत विभागतात. प्रत्येकासाठी त्याची भरपाई करणारा उलट व्यवहारही आधीच लिहून ठेवतात. मधला एखादा टप्पा फसल्यास मागील टप्प्यांच्या भरपाया उलट क्रमाने केल्या जातात. कुलुपे कोठेच अडकून पडत नाहीत. मात्र त्यासाठी पृथक्‌तेचा त्याग करावा लागतो : भरपाई होईपर्यंत अर्धवट स्थिती इतरांना दिसते, आणि ग्राहकाला पाठविलेले पत्र किंवा यंत्रातून बाहेर पडलेली नोट यांना उलट व्यवहार नसतोच. प्रत्येक टप्पा चुकून दोनदा झाला, तरी परिणाम एकदाच व्हावा, अशीही रचना करावी लागते. जावाच्या मायक्रोप्रोफाइल या संचात २०२१ मध्ये अशा दीर्घकालीन कामांसाठी स्वतंत्र विनिर्देश आला.

दोन टप्प्यांची निश्चिती यामुळे नामशेष मात्र झाली नाही. ग्रे आणि लेस्ली लँपोर्ट यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात एकाऐवजी अनेक यंत्रांनी मिळून समन्वयकाचे काम कसे करावे, हे दाखविले. गूगलच्या स्पॅनर या माहितीसंचात (२०१२) सहभागी म्हणजे एक यंत्र नसून परस्परांच्या प्रती सांभाळणारा यंत्रांचा गट असतो; त्यांतील एखादे बंद पडले, तरी गट उत्तर देत राहतो. अशा रीतीने जुनीच पद्धती, तिची सर्वांत दुबळी बाजू झाकली जाईल अशा बेताने, पुन्हा वापरात आली.

भारतातील स्थिती : एकाच संस्थेच्या अनेक केंद्रांतील समन्वयाचे भारतातील मोठे उदाहरण रेल्वेच्या आरक्षणाचे होय. १९८५ पासून दिल्लीत व नंतर इतर महानगरांत संगणकीय आरक्षण सुरू झाले, परंतु ही केंद्रे एकमेकांपासून अलग होती. मुंबईच्या खिडकीवर कलकत्त्याहून सुटणाऱ्या गाडीचे तिकीट थेट मिळत नसे. रेल्वेच्या क्रिस या संस्थेने (स्थापना १९८६) ‘कॉन्सर्ट’ ही प्रणाली तयार केली. ती १९९४ मध्ये सिकंदराबाद येथे प्रथम बसविण्यात आली आणि १९९९ मध्ये दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास व सिकंदराबाद ही पाचही केंद्रे परस्परांना जोडली गेली. त्यानंतर जागा कोणत्याही केंद्राच्या माहितीसंचात असली, तरी ती कोणत्याही खिडकीवरून देता येऊ लागली. २००२ मध्ये इंटरनेटवरून तिकिटे मिळू लागल्यावर मात्र व्यवहाराचा दुसरा पाय बँकेत गेला. तिकीट देणारी संस्था व पैसे देणारी बँक यांच्यावर एकच समन्वयक नेमणे व्यवहार्य नव्हते. पैसे वजा झाले पण तिकीट निघाले नाही, तर रक्कम परत करणे, म्हणजेच सागाच्या परिभाषेतील भरपाई करणे, हाच मार्ग तेथे अवलंबिण्यात आला.

बँकांच्या आपापसांतील व्यवहारांतही हेच घडले. मुंबईत मुख्यालय असलेल्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या संस्थेने (स्थापना २००८) एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय ही प्रणाली सुरू केली. तीत पैसे देणाऱ्याची व घेणाऱ्याची अशा दोन बँकांच्या स्वतंत्र यंत्रणा गुंतलेल्या असतात. संदेशवहन तुटल्यास व्यवहार काही काळ संदिग्ध अवस्थेत राहतो आणि ग्राहकाला तो प्रलंबित असल्याचे दिसते. हा काळ किती असावा, हे ठरविण्याचे काम अखेर नियामकाकडे आले. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार यूपीआयवरून रक्कम वजा झाली, पण दुसऱ्या खात्यात जमा झाली नाही, तर ती व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत करावी लागते. रोकडयंत्रातून पैसे बाहेर आले नाहीत व खात्यातून मात्र वजा झाले, तर ही मुदत पाच दिवसांची आहे. मुदत उलटल्यावर होणाऱ्या विलंबाबद्दल ग्राहकाला दर दिवसामागे १०० रुपये द्यावे लागतात आणि त्यासाठी त्याने तक्रार करण्याची वाट पाहू नये, असेही परिपत्रकात म्हटले आहे. [⟶ बँकव्यवसाय, संगणक].